डबा बदलतो तेव्हा

दसऱ्याच्या आधीच्या कामाच्या दिवशी सकाळी विरार स्थानकावर जावे. आपण आगगाडीच्या फलाटावर आलो की एखाद्या देवळाच्या सभामंडपात शिरलो, असा क्षणभर भ्रम पडतो. कोणी झेंडूच्या माळा आणलेल्या असतात, कोणी आंब्याचे टहाळे. गाडी लागली की डब्याच्या दाराला तोरण चढते, खिडक्यांच्या गजांतून माळा ओवल्या जातात, उदबत्तीचा वास दरवळतो आणि पेढ्यांचा पुडा हातोहात फिरू लागतो. डबा सरकारचा, पण पूजा करणाऱ्याच्या मनाला ही शंका शिवत नाही. सुताराने करवतीची पूजा करावी, शेतकऱ्याने नांगराची करावी, तशी ही चाकरमान्याने केलेली आपल्या पोटापाण्याच्या हत्याराची पूजा आहे.

मी राहतो तो मनवेलपाडा विरारच्या पूर्वेस, नालासोपाऱ्याच्या अंगाला आहे. पाड्याला स्वतःचे स्थानक नाही. त्यामुळे इथला मनुष्य मुंबईला निघाला की प्रथम तोंड विरारकडे वळवतो. नालासोपाऱ्याची मंडळी तर उलट गाडीने विरारला येऊन जागा धरून बसतात आणि त्याच गाडीने परत आपल्या गावावरून मुंबईला जातात. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. परंतु चर्चगेट इथून सुमारे साठ किलोमीटर दूर आहे. जाऊन येऊन दिवसाचे तीन-साडेतीन तास ज्याचे डब्यात जातात, त्याला बसायची जागा म्हणजे काय, हे त्यालाच ठाऊक.

गेल्या काही वर्षांत या डब्याचे रूप झपाट्याने पालटत आहे. बाके बदलली, रंग बदलले, डब्यांची संख्या वाढली, काही गाड्यांची दारे मिटू लागली. प्रत्येक पालटाबरोबर कुरकुर उठली. ही कुरकुर ऐकून शहाणी माणसे हसतात. ‘नव्याला नावे ठेवण्याची लोकांना खोडच असते,’ असे म्हणून मोकळी होतात. मला मात्र वाटते की या कुरकुरीचाही एक इतिहास आहे, आणि तो एकदा सलगपणे पाहावा.

मुंबईच्या उपनगरी प्रवासाचा आरंभच मुळी आमच्या विरारपासून झाला, हे पुष्कळांना माहीत नसते. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे या कंपनीचा लोहमार्ग सुरतेकडून बांधत बांधत १८६४ च्या नोव्हेंबरात मुंबईतील ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. पुढे १२ एप्रिल १८६७ रोजी विरार आणि बॅकबे यांच्या दरम्यान उपनगरी गाडी सुरू झाली. सकाळी जाणारी एक आणि संध्याकाळी परतणारी एक, इतकाच तिचा संसार. तोवर वसईच्या मुलखाची मुंबईशी जी ये-जा चाले, ती मुख्यतः खाडीच्या आणि समुद्राच्या वाटेने, भरती-ओहोटी पाहून चाले. गाडी आली आणि चंद्राच्या कलांऐवजी घड्याळाचे काटे पाहून घरातून निघण्याची सवय माणसाला लावून घ्यावी लागली. आज ज्याला आपण ‘जुनी पद्धत’ म्हणून कवटाळतो, ती एके काळी अशीच कोणाच्या तरी अंगावर येऊन पडलेली नवी पद्धत होती. हा या इतिहासाचा पहिला धडा.

दुसरा मोठा पालट विजेचा. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली आणि १९३६ साली ती वीज विरारपर्यंत आली. धूर गेला, कोळशाचे कण डोळ्यांत जायचे थांबले, वेळ वाचला. परंतु याच काळात दक्षिणेकडचे टोक तुटले. १९३० सालच्या अखेरीस कुलाब्याचे स्थानक कायमचे बंद झाले आणि उपनगरी गाड्यांचा शेवट चर्चगेटला होऊ लागला. ज्याचे काम कुलाब्यास असेल, त्याने या सुधारणेला काय म्हणावे? एकाच बदलात एकाचा अर्धा तास वाचतो आणि दुसऱ्याची पायपीट वाढते. हिशेबाच्या वहीत दोन्ही मिळून ‘सोय’ असे एकच नाव पडते. कुरकुर जन्मते ती बहुधा याच फटीतून.

आणि कुरकुर ही काही नेहमीच क्षुद्र नसते. सप्टेंबर १९१७ मध्ये महात्मा गांधी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने गेले. त्या प्रवासात डब्यातील दाटी, घाण आणि उतारूंची हेळसांड यांचा जो अनुभव आला, तो त्यांनी वर्तमानपत्रांकडे पाठविलेल्या पत्रात बारकाईने लिहून काढला. त्या पत्राची ताकद तपशिलात होती. डब्यात माणसे किती, जागा किती, केर कुठे पडला होता, चहा कसला मिळाला, हे सारे त्यांनी नोंदले. प्रवाशाची तक्रार कशी असावी, याचा तो नमुनाच म्हणावा लागेल. ‘आम्हाला आवडले नाही’ एवढे म्हणून तो थांबत नाही. आपले नेमके काय गेले, हे तो सांगतो.

तक्रार ऐकली गेली म्हणजे काय होते, याचे सुखद उदाहरण पुण्याकडचे आहे. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी ही गाडी तिचे नेहमीचे प्रवासी घरच्या माणसासारखी मानतात. दर वर्षी १ जूनला पुणे स्थानकावर तिचा वाढदिवस होतो. जून २०२२ मध्ये या गाडीला नव्या बांधणीचे डबे मिळाले. रंग पालटला, डबे पालटले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचाही या कामात हात होता. पण गाडीतला उपाहारगृहाचा डबा, जिथे टेबलाशी बसून गरम खाणे खावे आणि समोरच्याशी दोन गोष्टी बोलाव्या, तो नव्या गाडीतही राखला गेला. प्रवाशांचा जीव कुठे गुंतला आहे, हे कोणीतरी ओळखले होते.

याच्या उलट गोष्ट आमच्या मार्गावरची. सुरतेची फ्लाइंग राणी याच रुळांवरून जाते. १९७९ साली तिला दुमजली डबे लागले आणि वरच्या मजल्यावरची जागा हा तिच्या प्रवाशांचा अभिमानाचा विषय झाला. जुलै २०२३ मध्ये नव्या बांधणीचे डबे आले आणि दुसरा मजला गेला. नवे डबे अधिक सुरक्षित आहेत, यात वाद नाही. पण वर्षानुवर्षे वरच्या मजल्यावरून पालघर, डहाणूकडची शेते पाहत गेलेल्या माणसाला ‘अधिक सुरक्षित’ या शब्दांनी समाधान होत नाही. त्याचे ते नेहमीचे बाक, त्या बाकावरचा पत्त्यांचा डाव आणि ती चार माणसे एकाच दिवशी विखुरली.

इथे मुद्द्याची गोष्ट येते. आगगाडीचा डबा कारखान्यात तयार होतो. त्या डब्यातली मंडळी मात्र कारखान्यात तयार होत नाही. विरारच्या गाडीत कुठे टाळ-मृदंगाचे भजन चालते, कुठे भाजी निवडली जाते, कुठे लग्ने जुळविली जातात. कोण दोन दिवस दिसला नाही, याची चौकशी होते. हल्ली ही मंडळी फोनवरही जमते. गाड्यांची वेळापत्रके दाखविणाऱ्या एम-इंडिकेटरमध्ये तर गाडीवार गप्पांचे दालनही आहे, आणि ‘गाडी कुठे आली?’ या प्रश्नाला अनोळखी माणूस आपुलकीने उत्तर देतो. हे सारे कोणी आखून दिलेले नाही. ते वापरणाऱ्यांनी वर्षांच्या हप्त्याने जमविलेले भांडवल आहे. डबा बदलणाऱ्याच्या हिशेबात मात्र या भांडवलाचा रकाना नसतो.

म्हणून आपणच मागितलेला बदल लोक आनंदाने स्वीकारतात. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठी गाडी सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती विरारपर्यंत आली. जुनी घडी तिनेही मोडलीच. पण तिने बायकांची मंडळी विखुरली नाही, तिला घर दिले. २००९ साली आमच्या मार्गावर पंधरा डब्यांची गाडी आली, तेव्हाही वाढीव तीन डब्यांविरुद्ध कोणी मोर्चा काढला नाही.

मोर्चे निघाले ते वातानुकूलित गाडीच्या वेळी. २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली. थंड हवा कोणाला नको? मे २०२२ मध्ये तिच्या तिकिटाचे दर निम्म्यावर आले, पण रोज जाणाऱ्याला लागतो तो पास, आणि त्याचे दर तेव्हा उतरले नाहीत. साध्या गाडीच्या वेळेवर ही गाडी आली की साधा पासवाला फलाटावर उभा राहणार आणि मागून येणाऱ्या गाडीत दुप्पट गर्दी होणार. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेवर कळवा आणि बदलापूर येथे प्रवासी रस्त्यावर उतरले ते याच कारणाने. नव्या गाडीशी त्यांचे वैर नव्हते. आपली गाडी आपल्यावाचून निघून गेली, ही त्यांची व्यथा होती. रेल्वेने दहा फेऱ्या मागे घेतल्या.

पण एवढ्यावर थांबलो तर मी अर्धीच गोष्ट सांगितली असे होईल. उघड्या दाराशी आमचे जे प्रेम आहे, त्याची किंमत भयंकर आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दाराशी लोंबकळणारे प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतले काही घरी परतले नाहीत. मुंब्र्याचे नाव त्या दिवशी गाजले इतकेच. असे पडणे आमच्या मार्गालाही नवीन नाही. त्यानंतर साध्या गाड्यांनाही आपोआप मिटणारी दारे बसविण्याचे आणि वारा यावा म्हणून त्या दारांना झडपा ठेवण्याचे रेल्वेने जाहीर केले. दार मिटलेच पाहिजे. ‘आमची सवय’ या नावाखाली कोणाच्या मुलाने खांबावर आपटून मरावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही मंडळीला नाही. मात्र दार मिटण्यापूर्वी शेवटचा माणूस आत आला पाहिजे, आणि त्याच्या खिशाला ते परवडले पाहिजे. नव्या घडीची परीक्षा घ्यायची तर ती याच एका प्रश्नाने घ्यावी.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबली, तेव्हा आम्हाला या मंडळीचे मोल कळले. जूनमध्ये गाड्या सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्या माणसांसाठी; बाकीच्यांना डबा पुष्कळ महिने मिळाला नाही. त्या काळात मनवेलपाड्यातल्या गच्च्यांवर माणसे येरझाऱ्या घालीत आणि रिकाम्या गाडीचा आवाज ऐकून घड्याळ पाहत. गर्दीला जन्मभर शिव्या देणारी माणसे गर्दीच्या आठवणीने हळवी झालेली मी पाहिली आहेत.

आमच्या शेजारी एक काका आहेत. तीस-बत्तीस वर्षे एकाच डब्यातून जाऊन नुकतेच निवृत्त झाले. दारे आपोआप मिटणारी गाडी आली, तेव्हा त्यांची पहिली तक्रार अशी होती : “सरकत्या दाराला तोरण बांधायचे तरी कुठे?” आम्ही सारे हसलो. काका हसले नाहीत. त्या वर्षी दसऱ्याला ते पेढे घेऊन मुद्दाम फलाटावर गेले. परत आल्यावर मी विचारले, “काय काका, तोरणाचे काय झाले?”

“आतल्या कड्यांना बांधले,” ते म्हणाले. “पोरांनी मला विचारून बांधले.”