भिंतींवर राहिलेला इतिहास



इतिहास म्हटला की मुलांच्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. शिकविताना एखादा विद्यार्थी मधूनच विचारतो, "सर, तेव्हा साधी माणसे कशी राहत होती?" पाठ्यपुस्तकात याचे उत्तर क्वचितच मिळते. युरोपातील जुन्या शहरांत मात्र ते भिंतींवर आणि रस्त्यांच्या कडेला आजही सापडते. त्यांतील काही खुणांची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम लंडनला चला. बर्कली स्क्वेअरमधील काही जुन्या घरांच्या दाराशी लोखंडी कठड्यावर एक चमत्कारिक वस्तू दिसते. आकार कर्ण्यासारखा, तोंड खाली. अठराव्या शतकात रस्त्यांवर पुरेसा उजेड नसे. रात्री बाहेर पडलेला मनुष्य पैसे देऊन मशाल धरणारा पोरगा सोबत घेई. घर आले की मशाल या लोखंडी टोपीत खुपसून विझवीत. १८०७ साली पॅल मॉल रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. पुढे ते शहरभर पसरले आणि त्या पोरांचा धंदा बुडाला. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्या टोप्या हीच त्यांची आठवण होय.

त्याच शहरात काही घरांच्या खिडक्या विटांनी बुजविलेल्या आढळतात. १६९६ साली इंग्लंडमध्ये खिडक्यांवर कर बसला. ज्याच्या घराला खिडक्या अधिक तो श्रीमंत, असा सरकारचा हिशेब! लोकांनी कर चुकविण्यासाठी खिडक्याच बंद केल्या. श्रीमंताला त्याचे फारसे दुःख नव्हते. परंतु अनेक गरीब कुटुंबे ज्या मोठ्या इमारतीत दाटीने राहत, ती सारी इमारत एकच घर धरली जाई. मालक खिडक्या बुजवी आणि भाडेकरू अंधारात, कोंदट हवेत राही. रोगराई वाढते म्हणून डॉक्टरांनी ओरड केली. अखेर १८५१ साली, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांनी, तो कर रद्द झाला. प्रत्येक आंधळी खिडकी करामुळेच झाली असे मात्र समजू नये. काही खिडक्या केवळ इमारतीच्या शोभेसाठी मुळातच तशा बांधलेल्या आहेत. खूण दिसली तरी तिचा अर्थ तपासूनच लावावा, हा इतिहासाचा पहिला धडा आहे.

आता पाण्याकडे वळू. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीने सहाशेहून अधिक माणसे दगावली. रोगाचे मूळ ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्यात आहे, हे डॉ. जॉन स्नो यांनी दाखवून दिले. पुढे स्वच्छ पाण्याच्या मोफत पाणपोया उभारण्याची चळवळ सुरू झाली. १८५९ सालची पहिली पाणपोई सेंट सेपल्कर चर्चच्या कुंपणात अजून आहे. तिचे प्याले साखळीने बांधलेले असून 'प्याला जागेवर ठेवा' अशा अर्थाची सूचना दगडात कोरलेली आहे. तुमच्यानंतर येणारा तहानलेला मनुष्यही तेथे गृहीत धरलेला आहे! रीजंट्स पार्कमध्ये १८६९ साली अशीच एक भव्य पाणपोई उभी राहिली. तिचा खर्च केला आपल्या मुंबईचे पारशी दानशूर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृहही त्यांच्याच देणगीतून झाले.

पॅरिसमध्ये व्होजिरार रस्त्यावर ३६ क्रमांकाच्या इमारतीच्या भिंतीत एक संगमरवरी पट्टी बसविली आहे. तिच्यावर एक मीटर लांबी कोरलेली आहे. राज्यक्रांतीपूर्वी फ्रान्समध्ये गावोगाव मापे वेगळी होती. धान्याचा सारा घेताना जमीनदार मोठे माप लावी आणि शेतकरी नाडला जाई. १७८९ साली लोकांनी राजापुढे मांडलेल्या गाऱ्हाण्यांत मापांच्या तक्रारी पुष्कळ होत्या. १७९५ साली मीटर कायद्याने ठरला आणि १७९६-९७ मध्ये अशा सोळा पट्ट्या शहरात बसविल्या गेल्या. कोणीही यावे आणि आपले माप ताडून पाहावे! तोच मीटर १९५६ च्या कायद्यानंतर आपल्याकडे गजाच्या जागी आला.

शेवटची खूण ॲमस्टरडॅमची. तेथील जुन्या घरांच्या दर्शनी भिंतींत रंगीत कोरीव दगड बसविलेले आहेत. कोठे कात्री, कोठे जहाज, कोठे एखादा प्राणी. त्या काळी घरांना क्रमांक नव्हते आणि पुष्कळांना अक्षरओळखही नव्हती. तेव्हा दगडावरचे चित्र हाच घराचा पत्ता असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच वर्चस्वाच्या काळात क्रमांक आले आणि दगडांचे काम संपले. तरीही शेकडो दगड आज शिल्लक आहेत, कारण नागरिकांनी ते जपले.

पालकहो, या वस्तूंना ना सोन्याचा मुलामा, ना राजाचे नाव. पण काळोख, कर, तहान, फसवणूक आणि निरक्षरता यांच्याशी साध्या माणसाने कसे दिवस काढले, हे त्या सांगतात. असली वस्तू एकदा निरुपयोगी ठरली की ती उपटून टाकावयास एक दिवस पुरतो. ती वाचते केवळ कोणीतरी 'हे काय आहे?' असे विचारले म्हणून. तेव्हा विद्यार्थी मित्रहो, आपल्या गावातही एखाद्या जुन्या दाराशी अनोळखी कडी, कोनाडा वा दगड दिसला, तर पुढे निघून जाऊ नका. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्यांनी सांगितलेले वहीत लिहून ठेवा. उत्तर ठाऊक असलेली माणसे कायमची आपल्यात राहत नाहीत.