जुन्या जीपचा पुढचा अॅक्सल भंगारातून घेताय? आधी टेप लावा, मग पैसे मोजा

जुनी गाडी घ्यायची, दुसऱ्या गाड्यांचे भाग तिला जुळवायचे आणि तिला नवं रूप द्यायचं. अमेरिकेत हा छंद फार जुना आहे. अशा गाडीला तिकडे 'हॉट रॉड' म्हणतात आणि 1932 ची फोर्ड त्यातली सगळ्यात लाडकी. आपल्याकडे हा मान जीपला मिळाला. 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि त्याच घराण्यातल्या जीपा पुढे कित्येक वर्षं बनत राहिल्या.

त्यात नगर म्हणजे लष्करी वाहनांचं गाव. आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र इथेच, डीआरडीओची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्थाही इथेच. सावेडीहून मनमाड रोडने पुढे गेलं की नागापूर एमआयडीसी लागते. समजा सावेडीतल्या एखाद्याने जुनी जीप घेतली आणि तिचा पुढचा अॅक्सल वाकलेला निघाला. आता भंगारातून दुसरा आणायचा, तर तो ओळखायचा कसा?

'जीपचाच आहे' एवढं पुरेसं नाही

वरून सगळे अॅक्सल सारखेच दिसतात. म्हणून आधी आपल्या गाडीची मापं लिहून घ्या आणि तो कागद घेऊनच बाजारात जा.

- पाटे : जुन्या विलीज जातीच्या जीपच्या पुढच्या पाट्यांची रुंदी पावणेदोन इंच, म्हणजे सुमारे 44.5 मिमी असते. रुंदी, दोन्ही डोळ्यांमधलं अंतर, पानांची संख्या आणि सेंटर बोल्टची जागा, ही चारही मापं जुळली पाहिजेत.
- डिफरन्शियलची बाजू : जीपमध्ये ते मधोमध नसतं, एका बाजूला असतं. ट्रान्स्फर केसमधून पुढचा शाफ्ट ज्या बाजूने निघतो, त्याच बाजूला ते हवं. त्यामुळेच आतले डावे-उजवे शाफ्टही लांबीला वेगळे असतात.
- हब आणि आटे : चाकाला पाच बोल्ट आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास साडेपाच इंच. जुन्या विलीजच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. हे माहीत नसेल तर नट सोडवताना स्टड तुटतो.

क्राउन-पिनियन न उघडता रेशो कसा काढायचा?

फोर बाय फोर गाडीत पुढचा आणि मागचा रेशो सारखाच लागतो. वेगळा असेल तर फोर व्हील ड्राइव्हमध्ये पक्क्या रस्त्यावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि गिअर किंवा शाफ्ट तुटू शकतो.

अॅक्सल स्टँडवर ठेवा. एक चाक घट्ट धरा आणि दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात पिनियनचा फ्लँज किती फेरे फिरला ते मोजा. साडेपाचला जरा कमी भरले तर रेशो 5.38, पाचला जरा कमी भरले तर 4.88. आतले दात मोजता आले तर हिशेब पक्का होतो : 43 ला 8 ने भागलं की 5.38.

वाकलेला अॅक्सल कसा कळतो?

विलीज जीपचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून बाहेर असलेला कल, दीड अंश असतो. तो कमी-जास्त करायची सोयच नसते. त्यामुळे बेअरिंग आणि किंगपिन ठीक असूनही कॅम्बर चुकत असेल, तर हाउसिंग वाकलंय असं समजा. नकल किंवा स्टिअरिंग आर्मवर वेल्डिंगचा डाग दिसला, तर तो माल फुकटही घेऊ नका. वेगात असताना तो तुटला, तर गाडी कोणाच्याच हातात राहत नाही.

बसवताना काय पाहायचं?

1. सेंटर बोल्टचं डोकं अॅक्सलवरच्या खाचेत नीट बसवा.
2. यू-बोल्ट नवेच घ्या, तिरप्या क्रमाने आवळा आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.
3. रबरी बुश असतील तर शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळा. नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं.
4. किंगपिनच्या शिम कमी-जास्त करून खेळ काढा. नकल अडकता कामा नये आणि ढिलाही राहता कामा नये.
5. कॅस्टर 3 अंश ठेवा आणि टो-इन सुमारे 1.2 ते 2.4 मिमी. कॅस्टर कमी पडला किंवा किंगपिन ढिले राहिले, की पुढची चाकं थरथरायला लागतात.
6. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, ते पाहा.

कायदा काय म्हणतो?

खराब भागाच्या जागी त्याच मापाचा भाग बसवणं म्हणजे दुरुस्ती. पण मूळ रचना बदलली, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांपासून दूर जाणारा बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. बेकायदा बदलासाठी कलम 182अ खाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणून भंगारवाल्याकडून बिल घ्या आणि मोठा बदल करायचा असेल तर आधी आरटीओत विचारा. अॅक्सल बसल्यावर पहिली चक्कर रिकाम्या रस्त्यावर, हळू आणि मिस्त्रींना शेजारी बसवूनच मारा.