काटा जरा पुढेच बरा

मी बँकेत कॅश काउंटरवर बसतो. संध्याकाळी रोकड जुळवताना एक रुपया कमी भरला तर घरी जाता येत नाही, आणि जास्त भरला तरीही जाता येत नाही. बँकेच्या दृष्टीने दोन्ही पापं सारखीच. अशा शिस्तीत 20 वर्षं काढलेल्या माणसाला एक दिवस कळावं, की जगात एक मापयंत्र असंही आहे ज्याला जास्त दाखवायची मुभा आहे आणि कमी दाखवायची मात्र सक्त मनाई! ते यंत्र म्हणजे मोटारीचा स्पीडोमीटर.

हे कळलं ते माझ्या एकमेव पराक्रमाच्या श्राद्धाच्या दिवशी. काही वर्षांपूर्वी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आमच्या सेकंडहँड गाडीने 100 चा आकडा गाठला होता. तेव्हापासून एकही लग्नकार्य असं गेलं नाही, जिथे ही हकिगत मी मेहुण्यांना ऐकवली नाही. गेल्या दिवाळीत त्याच रस्त्यावर काटा पुन्हा 100 वर नेला, तर शेजारी बसलेले चिरंजीव मोबाइल बघत म्हणाले, "बाबा, फोन 93 म्हणतोय."

"तरी मी म्हणतच होते," मागून सौ. म्हणाली. काय म्हणत होती, हे मला अजून कळलेलं नाही.

7 किलोमीटरची तूट! कॅशिअरला झोप कशी लागणार? खोलात शिरलो.

चाकाच्या फेऱ्या मोजायची विद्या जुनी आहे. 2,000 वर्षांपूर्वी व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन स्थापत्यकाराने एका रथाचं वर्णन लिहून ठेवलं आहे. चाकाच्या 400 फेऱ्या झाल्या की एक रोमन मैल, आणि दर मैलाला एक खडा खणकन भांड्यात. मुक्कामी पोचल्यावर खडे मोजायचे. म्हणजे रथातसुद्धा कॅशिअर लागतच होता! पण किती चाललो हे कळलं, तरी किती वेगाने, हे कळत नसे.

मोटारी आल्या आणि गंमत अशी, की वेगाचा काटा रुळायच्या आधी वेगाचा दंड आला. 28 जानेवारी 1896 रोजी इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या पॅडक वुड गावातून वॉल्टर अर्नोल्ड नावाचे गृहस्थ ताशी 8 मैलांच्या भन्नाट वेगाने गेले. मर्यादा होती 2 मैलांची. शिपायाने सायकलवरून पाठलाग करून त्यांना गाठलं! वेगाबद्दल दंड झाला एक शिलिंग.

मग 1902 मध्ये ऑटो शुल्झ या जर्मन संशोधकाने स्पीडोमीटरचं पेटंट घेतलं. रचना अशी : चाकांबरोबर एक केबल फिरते, केबलबरोबर लोहचुंबक. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी. दोघांचा स्पर्श नाही. पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत वीजप्रवाह उठतात आणि वाटी त्याच्या ओढीने वळू लागते. स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग! संसाराचं तत्त्व हेच. फक्त आमच्याकडे पेटंट कोणी घेतलं नाही.

आता स्प्रिंग सैल पडते, चुंबक मंदावतो. नव्या गाड्यांत केबल जाऊन इलेक्ट्रॉनिक सेन्सर आले, तरी मोजतात चाकाच्याच फेऱ्या. टायर झिजला की चाक लहान होतं, त्याच अंतराला जास्त फेऱ्या घेतं आणि काटा जास्त दाखवतो. उलट मोठे टायर बसवले तर कमी.

म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या 39 क्रमांकाच्या नियमाने ठरवलं, की काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचा नाही. जास्त दाखवला तर खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक 4 किलोमीटर, इतकाच. खरा वेग 80 असेल तर 92 पर्यंत माफ, 79 मात्र नापास. मग कारखानदार काटा आधीच थोडा पुढे लावतो. वाण्याचं झुकतं मापच म्हणा ना. गिऱ्हाइकाची तक्रार नको!

हे सगळं घरी सांगितलं, तर नुकतंच लायसन्स मिळालेले चिरंजीव म्हणाले, "म्हणजे आपण अजून 7 ने वाढवायला हरकत नाही!"

माझ्या पोटात धस्स झालं. मला आमच्या लहानपणचं भिंतीवरचं घड्याळ आठवलं. कुणाची गाडी चुकू नये म्हणून आई ते दहा मिनिटं पुढे ठेवायची. आम्ही सगळे मनातल्या मनात दहा वजा करायचो. एकदा चावी द्यायची राहिली आणि घड्याळ मागे पडत पडत बरोबर वेळेवर आलं. आम्ही नेहमीप्रमाणे दहा वजा केली आणि दादाच्या परीक्षेच्या दिवशी एसटी डोळ्यांदेखत निघून गेली. दादाचं वर्ष गेलं.

"एसटी दुसरी मिळते," मी चिरंजीवांना म्हणालो, "म्हणून काट्यातून वजाबाकी करायची नाही. उद्या टायर बदलले, की ते 7 आपल्या खात्यात नसतील."

तो काही बोलला नाही. पण परवा त्याच्या शेजारी बसलो होतो, तेव्हा काटा मर्यादेच्या आत होता.

मेहुण्यांना मात्र मी अजून 100 च सांगतो. जास्त सांगितलेलं चालतं. नियमच आहे तसा!