परिमाणवाचक शब्दांचा इतिहास

इंग्रजी लेखन शिकविण्यात ज्याचे अर्धे आयुष्य गेले, त्यास विद्यार्थ्यांच्या निबंधांतील काही शब्दसमूह डोळे मिटूनही ओळखता येतात. 'टु अ ग्रेट एक्स्टेंट', 'टु सम डिग्री', 'इन सो फार ॲज' ही मंडळी प्रत्येक उत्तरपत्रिकेत हजेरी लावतात. पागोट्यावर तुरा खोवावा तसा वाक्याच्या आरंभी यांपैकी एखादा खोवला, म्हणजे लेखन भारदस्त झाले अशी मुलांची समजूत असते. आणि खरे सांगावयाचे तर ती समजूत आम्हा शिक्षकांनीच करून दिलेली आहे. या शब्दांस परिमाणवाचक म्हणावयाचे, त्यांचा अर्थ 'बऱ्याच अंशी', 'काही प्रमाणात', 'ज्या मानाने' असा सांगावयाचा आणि पुढील पाठाकडे वळावयाचे, हा शिरस्ता प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे पाळला.

तो मोडला एका विद्यार्थ्याने. नंदुरबारच्या वर्गात अक्राणी महालातून आलेला हा मुलगा एके दिवशी तास संपल्यावर थांबला. त्याच्या आजोबांच्या जमिनीसंबंधी कोठल्याशा कचेरीतून आलेला एक जुना कागद त्याच्या हाती होता. त्यातील 'टु दि एक्स्टेंट ऑफ' या तीन-चार शब्दांवर त्याने बोट ठेविले आणि अर्थ विचारला. मी सवयीने म्हणालो, "तितक्या मर्यादेपर्यंत." तो क्षणभर गप्प राहिला व म्हणाला, "सर, पण ती मर्यादा मोजली कोणी?" व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नाही. ते इतिहासात आहे, आणि म्हणून हा लेख.

प्रथम आपल्या जुन्या दप्तरांकडे पाहू. विस्तार व मर्यादा सांगण्याची गरज इंग्रजांनी निर्माण केली असे नव्हे. पेशवाईतील इनामाच्या सनदा ज्यांनी चाळल्या आहेत, त्यांस त्यांतील ठराविक शब्दावली परिचित असेल. गाव 'दरोबस्त' दिला, 'कुलबाब कुलकानू' दिला, 'हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी'सह दिला, 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप' यांसह दिला. आणि लागलीच, 'खेरीज हकदार व इनामदार करून'. म्हणजे देणगी किती, हे सांगण्याची आपली रीत मुख्यतः गणनेची होती. पाणी, झाड, गवत, लाकूड, दगड, पुरलेले द्रव्य अशी एकेक वस्तू बोटावर मोजून सांगितली जाई, आणि जे द्यावयाचे नाही तेही नाव घेऊन वगळले जाई. ही रीत निर्दोष होती असे मुळीच नाही. ज्या भिल्लाच्या पायाखालचे तृण व काष्ठ त्या सनदेने दुसऱ्यास मिळत असे, त्याचे नाव ना देणगीत येई, ना अपवादात. परंतु काय दिले आणि काय वगळले, हे निदान ऐकणारास कळत असे.

इंग्रजी राज्याबरोबर कागदाची रीत बदलली. नव्या दस्तऐवजांत दान मोठ्या, सर्वव्यापी शब्दांत सांगावयाचे आणि त्याचे माप एखाद्या लहानशा क्रियाविशेषणात ठेवावयाचे, असा प्रघात पडला. १८३३ च्या सनदी कायद्याचे सत्त्याऐंशीवे कलम पाहावे. धर्म, जन्मस्थान, कुळ अथवा वर्ण 'केवळ' या कारणास्तव कोणाही एतद्देशीयास कंपनीच्या नोकरीस अपात्र ठरविले जाणार नाही, असा त्याचा आशय. सारा डोलारा त्या 'केवळ' शब्दावर उभा आहे. केवळ वर्णामुळे नाही. परंतु वर्णाच्या जोडीस दुसरे कोणतेही कारण दाखविता आले, तर कायद्याचा भंग होत नाही.

पुढे १ नोव्हेंबर १८५८ रोजी अलाहाबादेस लॉर्ड कॅनिंगने राणीचा जाहीरनामा वाचून दाखविला. आमच्या आजे-पणज्यांच्या पिढीने त्यास आपल्या हक्कांची मूळ सनद मानले. वंश व धर्म न पाहता प्रजाजनांस त्यांच्या शिक्षण, योग्यता व सचोटीनुसार नोकऱ्यांत मोकळेपणाने घेतले जावे, हे अभिवचन त्यात होते. पण त्यापूर्वी चार लहान शब्द होते : 'सो फार ॲज मे बी', म्हणजे 'शक्य असेल तेथवर'. शक्य आहे की नाही हे ठरवावयाचे कोणी, याविषयी जाहीरनामा मौन धरतो. ते ठरविले गेले ते परीक्षेच्या वेळापत्रकात. सनदी नोकरीची परीक्षा लंडनमध्ये घेतली जाई. १८७६ साली उमेदवाराची कमाल वयोमर्यादा एकवीसवरून एकोणीस करण्याचे ठरले. आणि हिंदुस्थानात अशी परीक्षा १९२२ पर्यंत झालीच नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने समुद्र ओलांडून परक्या भाषेत परीक्षा द्यावी, हेच त्या 'शक्य'चे प्रत्यक्ष माप होते.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने १८७८ च्या आपल्या गुप्त टिपणात ही गोष्ट आश्चर्य वाटावे इतक्या उघडपणे कबूल केली. हिंदी लोकांच्या अपेक्षा पुऱ्या होणे नाही. तेव्हा त्यांस सरळ मज्जाव करावा की फसवावे असे दोन मार्ग होते, आणि त्यांतील कमी सरळ तो आम्ही पत्करला, अशा आशयाचे ते टिपण दादाभाई नौरोजींनी जगापुढे मांडले. दादाभाईंची सारी हयात एका अर्थी या लहान शब्दांशी झगडण्यात गेली. दिलेल्या वचनाचा अर्थ त्याच्या मुख्य क्रियापदावरून लावावा, शेपटासारख्या जोडलेल्या शब्दावरून नव्हे, हा त्यांच्या वादाचा गाभा होय. पण शेपूटच पुढे प्राण्यास हलवू लागले. १९०४ साली कायदेमंडळातील अंदाजपत्रकीय भाषणात लॉर्ड कर्झन म्हणाला की, वरिष्ठ सनदी जागा 'सर्वसाधारण नियम म्हणून' इंग्रजांकडेच असल्या पाहिजेत. 'शक्य तेथवर' या जुन्या सवलतीस 'सर्वसाधारणतः' हे नवे कुंपण पडले. पुढल्याच वर्षी काशीच्या काँग्रेसचे अध्यक्ष या नात्याने गोपाळ कृष्ण गोखले यांनी कर्झनच्या कारकिर्दीचा जो हिशेब मांडला, त्यामागे अशा शब्दांनी पोळलेल्या सुशिक्षित पिढीचा अनुभव होता.

हे झाले सुशिक्षितांचे दुःख. त्यांस इंग्रजी येत होते, म्हणून फसगत झाल्याचे निदान कळले तरी. ज्यांस त्या भाषेचा गंधही नव्हता, त्यांचे काय झाले, हे पाहण्यास आमच्याच जिल्ह्याच्या डोंगरांत जावे लागते.

सातपुड्याच्या या भागात मेवासी सरदारांची गावे होती. काठी, नाल, सिंगपूर व नवलपूर येथील पाडवी, गव्हाळीचे वळवी आणि चिखलीचे वसावे, ही ती सहा घराणी. काठीची राजवाडी होळी पाहावयास आजही दूरदूरचे लोक जातात. १८७४ च्या 'शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स' कायद्याच्या परिशिष्टात ही सहाही नावे आली. पाडवींचे तेथे 'पारवी' झाले, पण ते असो. या कायद्याचा हेतू देशाच्या कोणत्या भागात कोणता कायदा चालू आहे आणि कोणता लागू करावयाचा, हे अधिसूचनेने ठरविता यावे असा होता. कायदा संपूर्ण प्रदेशास लावता येई, अथवा त्याच्या 'कोणत्याही भागास'. ज्या माणसावर कायदा चालावयाचा, त्यास तो आपल्या गावी किती चालतो हे कळण्याचा मार्ग नव्हता. ते कळे कचेरीतील साहेबास.

१९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्याने या स्थितीस नवे नाव दिले. काही प्रदेश 'वर्जित', तर काही 'अंशतः वर्जित' ठरले. १९३६ च्या हुकुमान्वये तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातील नवापूर पेटा, अक्राणी महाल व ही मेवासी गावे 'अंशतः वर्जित' झाली. 'अंशतः' म्हणजे कितीसा अंश? ब्याण्णवाव्या कलमात त्याचे उत्तर सापडते : गव्हर्नरने जाहीर केल्याशिवाय विधिमंडळाचा कोणताही कायदा तेथे लागू होणार नाही, आणि लागू करताना त्यास योग्य वाटतील ते अपवाद व फेरफार तो करू शकेल. आदिवासींचे संरक्षण हा या योजनेचा सांगितलेला हेतू होता, व तो सर्वस्वी खोटा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि गंमत अशी की, वर्ज्य झाला तो कायदा. सावकार वर्ज्य झाला नाही. मुंबई सरकारच्या नेमणुकीवरून सिमिंग्टन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने याच अंशतः वर्जित क्षेत्रांची पाहणी करून जो अहवाल दिला, तो सावकारी पिळवणुकीच्या वर्णनाने भरलेला आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत 'अनुसूचित क्षेत्र' आले, आणि येथे एक बदल असा झाला की जो घाईने वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. अपवाद व फेरफार यांची भाषा जवळजवळ तीच राहिली. वाक्याचा कल मात्र उलटला. पूर्वी राज्यपालाने सांगितल्यावाचून कायदा लागू होत नसे. आता राज्यपालाने नको म्हटल्यावाचून कायदा लागू होऊ लागला. शब्द तेच, पण मौनाचा अर्थ बदलला. पूर्वी अधिकारी गप्प बसला तर कायदा डोंगराच्या पायथ्याशी थांबे; आता तो गप्प बसला तर कायदा थेट माथ्यावर चढतो. कोणते बरे, हा प्रश्न निराळा. पण दोन्ही वेळी डोंगरावरील माणसाचे नशीब एका उपवाक्याच्या जागेवर ठरले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

आता त्या विद्यार्थ्याच्या आजोबांच्या जमिनीकडे येऊ. नर्मदा पाणीतंटा लवादाचा अंतिम निर्णय डिसेंबर १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. सरदार सरोवरात अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांतील ३३ गावे बाधित होणार होती. अक्कलकुव्यातील मणिबेली हे त्यांतील पहिले. विस्थापितांस जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याचे तत्त्व या निर्णयाने मान्य केले, आणि त्या काळाच्या मानाने ते उदार होते हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ज्या कुटुंबाची २५ टक्क्यांहून 'अधिक' जमीन संपादिली जाईल, त्यास संपादिलेल्या जमिनी'इतकी' ओलिताची जमीन मिळावी. ती राज्याच्या कमाल धारणेच्या 'अधीन' असावी. आणि 'किमान' दोन हेक्टर असावी. एका वाक्यात चार परिमाणवाचक शब्द! 'अधिक' शब्दाने पंचवीस टक्क्यांपर्यंत जमीन गमावणारा बाहेर राहिला. 'किमान' शब्दाने अल्पभूधारकाचा मोठा लाभ झाला. पण खरी मेख 'इतकी' या शब्दात होती.

कारण 'जितकी गेली तितकी' म्हणावयाचे, तर 'जितकी' कोठे तरी लिहिलेली असली पाहिजे. सातपुड्यातील कित्येक कुटुंबे पिढ्यान् पिढ्या कसत आलेली जमीन सरकारी दप्तरात वनखात्याची होती. कसणारा तेथे 'अतिक्रमक' होता. ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याचे काय संपादिले? काही नाही. मग त्यास 'तितकी' म्हणजे किती? तीही काही नाही. न्याय गणिताप्रमाणे चोख होता. फक्त शून्यास कितीने गुणिले तरी शून्यच. पुढे नर्मदेच्या खोऱ्यातील लोकांनी चालविलेल्या दीर्घ लढ्यामुळे धोरणे बदलली, भूमिहीन ठरलेल्यांचाही विचार करणे भाग पडले, व तळोद्याकडील वनजमीन पुनर्वसनासाठी मोकळी झाली. १८ ऑक्टोबर २००० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने धरणाची उंची व पुनर्वसन ही 'पारी पासू', म्हणजे बरोबरीने पावले टाकीत चालावीत असे म्हटले. पाण्याचे पाऊल मीटरांत मोजता येते. पुनर्वसनाचे कशात मोजावयाचे, हा वाद त्यानंतरही अनेक वर्षे चालला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या उद्देशिकेतच ऐतिहासिक अन्यायाची कबुली दिली आणि 'अतिक्रमक' या शब्दास प्रथमच मोठा शह दिला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या वनजमिनीवरचा हक्क त्याने मान्य केला. पण तो 'प्रत्यक्ष ताब्यापुरता' आणि 'कोणत्याही परिस्थितीत' चार हेक्टरांहून अधिक नाही. येथेही तेच दोन लहान शब्द पहारा देत उभे आहेत. फरक एवढाच, आणि तो लहान नव्हे, की मोजणीच्या कामी आरंभीचा अधिकार या कायद्याने ग्रामसभेस दिला. 'ती मर्यादा मोजली कोणी?' या प्रश्नाचे उत्तर 'गावाने' असे देण्याची सोय कायद्याच्या भाषेत प्रथमच झाली. ती सोय किती गावांत खरी ठरते, हे गावांच्या जागरूकतेवर आणि कचेऱ्यांच्या सचोटीवर अवलंबून आहे.

या साऱ्यातून इंग्रजी भाषा कपटी आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. मापावाचून वचन हे पोकळ असते. 'किमान दोन हेक्टर' यातील 'किमान' हाही परिमाणवाचक शब्दच आहे, आणि त्याने अनेकांच्या चुली पेटत्या ठेविल्या. दोष शब्दांचा नाही. ते न वाचता पुढे जाण्याच्या आपल्या सवयीचा आहे. मराठी भाषांतर करतानाही आपण 'यथाशक्य', 'आवश्यक तेवढे', 'योग्य त्या प्रमाणात' असे गुळगुळीत शब्द घालतो आणि मूळ वाक्याची मेख आपल्याच हाताने झाकून टाकतो.

आता वर्गात हा पाठ आला की मी अर्थ सांगून थांबत नाही. प्रत्येक परिमाणवाचक शब्दापुढे तीन प्रश्न विचारावयास मुलांस सांगतो : किती, कशाच्या मानाने, आणि मोजणारा कोण? पहिल्या दोहोंची उत्तरे बहुधा कागदावर सापडतात. तिसऱ्याचे सापडत नाही. ते मला अक्राणीच्या त्या मुलाने शिकविले.