अंगणात आलेली शाळा

गावच्या शाळेचा विषय निघाला की गटाच्या बैठकीत पहिला प्रश्न पैशाचा येतो. म्हणून आज एक जुनी हकिकत सांगते.

ती सुरू होते मुंबईच्या बोरिवलीत. १९४५ साली तिथं कस्तुरबा ट्रस्टचं ग्रामसेविकांचं शिबिर होतं. पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ त्या शिबिरात आल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि लगेच वैधव्य, तरी शिकलेल्या बाई. तिथं त्यांना ताराबाई मोडक भेटल्या. ताराबाई दादरला शिशुविहार चालवत होत्या, पण त्यांना खेड्यातली बालवाडी काढायची होती. दोघी डहाणू तालुक्यात समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या.

मॉन्टेसरी पद्धतीची लाकडी साधनं महाग. खेड्याला ती कशी परवडणार? मग शंख-शिंपले, चिंचोके, खडे, झाडाची पानं, माती यांवरच मोजणं, रंग, आकार शिकवायला सुरुवात झाली. तरीही गरीब वस्तीतली मुलं येईनात. तेव्हा या बायाच वस्तीत गेल्या. कुणाचं तरी अंगण झाडायचं, पोरांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे आणि तिथंच गाणी-गोष्टी सुरू करायच्या.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आसपास वारल्यांचे पाडे. मोठी पोर शाळेत का येत नाही, तर तिच्या कडेवर धाकटं भावंड. आईबाप मजुरीला गेलेले, मग त्याला ठेवणार कुठं? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तिचं नाव विकासवाडी. ताई वर्गात, तान्हं शेजारी पाळण्यात! मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या कामात ही युक्ती सर्वांत मोठी. आपल्याकडे चार पैसे आले की आधी शाळेची कमान रंगते; पोर कशामुळे घरी राहते, हे तिच्या आईला कुणी विचारत नाही.

मुलगे गुरांमागे जात. त्यांना गुरं सोडून या म्हणण्यात अर्थ नव्हता, घरचं पोट त्यावर होतं. मग शाळाच कुरणात भरवली, ती कुरणशाळा. गुरं चरतायत, पोरं शिकतायत.

ताराबाई १९७३ साली गेल्या. दोनच वर्षांनी सरकारनं लहान मुलांसाठी एकात्मिक बालविकास योजना आणली आणि तिच्या केंद्रांना नाव दिलं अंगणवाडी. तुमच्या गावातल्या अंगणवाडीच्या पाटीवर आहे तो शब्द या बायांच्या कामातून आलेला आहे.