नरिमन, खेर आणि बंद दाराआडची नेतानिवड

 

"नेता निवडीचे सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना देण्यात येत आहेत." हे वाक्य मी बातमीत किती वेळा लिहिलंय याचा हिशोब नाही. नगरपालिकेत गटनेता निवडायचा असो, जिल्हा परिषदेत असो नाहीतर मुंबईत विधिमंडळ पक्षाचा नेता, ठराव एका ओळीचाच. आम्ही पत्रकार विश्रामगृहाबाहेर वडाच्या पारावर बसतो, आतून कोणीतरी येतो, हसतो आणि "एकमताने झालं" म्हणतो. आत काय झालं, कोणाच्या नावावर कोणी काय आक्षेप घेतला, ते कधीच बाहेर येत नाही. आलंच तर सहा महिन्यांनी. तेही कोणाला तरी कोणाचा तरी काटा काढायचा असतो म्हणून.

म्हणजे ज्याला नेता करायचं त्याचा व्यवहार स्वच्छ आहे का, हा प्रश्न आपल्याकडे विचारला जातो. पण तो नेहमी उशिरा विचारला जातो. ही सवय कालपरवाची नाही. महाराष्ट्रात तिचा पहिला मोठा धडा १९३७ सालचा आहे, आणि त्यातली माणसं आजच्यासारखी नव्हती. एकाहून एक मोठी होती. म्हणूनच तो धडा जास्त टोचतो.

१९३५ च्या कायद्याप्रमाणे १९३७ च्या सुरुवातीला प्रांतांच्या निवडणुका झाल्या. तेव्हाच्या मुंबई इलाख्यात गुजरात होता, आपला महाराष्ट्र होता, कर्नाटकचा भाग होता आणि मुंबई शहर. विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला ८६ मिळाल्या. सरकार काँग्रेसचं होणार हे दिसत होतं. मुंबईतल्या लोकांच्या मते पंतप्रधानही (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत) ठरल्यातच जमा होता : खुर्शेद फ्रामजी नरिमन.

आज नरिमन म्हटलं की उंच इमारती आठवतात. पण हा माणूस त्या काळातला भ्रष्टाचारविरोधी हिरो होता. बॅकबेला समुद्र हटवून जमीन तयार करण्याची सरकारी योजना विसाच्या दशकात चालू होती. खर्च फुगत चालला होता, काम रखडलं होतं. वकील असलेल्या नरिमन यांनी त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला. हार्वे नावाच्या इंग्रज इंजिनिअरने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि नरिमन निर्दोष सुटले. गोऱ्या साहेबाला त्याच्याच कोर्टात हरवलं म्हटल्यावर मुंबईने त्यांना डोक्यावर घेतलं. पुढे तुरुंगवास झाला, मुंबईचं महापौरपद मिळालं, मुंबई प्रांतिक काँग्रेसचं अध्यक्षपद मिळालं. १९३७ ची शहरातली निवडणूक काँग्रेसने त्यांच्याच अध्यक्षपदाखाली लढवली.

मार्च १९३७ मध्ये काँग्रेस आमदारांची बैठक झाली आणि नेता म्हणून निवडले गेले बाळ गंगाधर खेर. रत्नागिरीकडचे, व्यवसायाने सॉलिसिटर, स्वभावाने मवाळ, सार्वजनिक कामात झिजलेले. पण मुंबईच्या रस्त्यावर त्यांच्या नावाचा जयजयकार कोणी ऐकला नव्हता. शहर चकित झालं.

नरिमन गप्प बसले नाहीत. त्यांचा थेट आरोप होता की सरदार वल्लभभाई पटेल यांनी आमदारांवर वजन टाकून आपल्याला पाडलं. पटेल तेव्हा काँग्रेसच्या संसदीय उपसमितीचे प्रमुख होते. तिकिटं, प्रचार, पैसा सगळं त्यांच्या हातून जायचं. गुजरातच्या आमदारांवर त्यांचा शब्द चालायचा हे शाळकरी पोरालाही माहीत होतं. मुंबईतल्या काही वृत्तपत्रांनी बाजू लावून धरली. पारशी आहे म्हणून डावललं, असंही बोललं गेलं. मौलाना आझादांनी पुढे आपल्या आत्मकथनात याच अंगाने नरिमन यांच्यावर अन्याय झाल्याचं लिहिलं.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तो प्रचार होईल. नरिमन यांची ताकद मुंबई शहरात होती. आमदार मात्र बहुसंख्येने बाहेरचे होते. साताऱ्याच्या, धारवाडच्या किंवा खेड्याच्या आमदाराला ते जवळचे वाटावेत असं काही नव्हतं. शिवाय खेरांच्या मंत्रिमंडळात डॉ. गिल्डर हे पारशी मंत्री होतेच. आणि आमच्या सातारकरांना माहीत असलेली एक गंमत. काँग्रेसने सुरुवातीला सत्ता घ्यायला नकार दिला म्हणून एप्रिल ते जुलै १९३७ जे तात्पुरतं मंत्रिमंडळ आलं, त्याचे पंतप्रधान होते साताऱ्याचे धनजीशहा कूपर. म्हणजे मुंबई इलाख्याचा पहिला पंतप्रधान पारशीच झाला. फक्त तो काँग्रेसचा नव्हता.

वाद शेवटी गांधीजींकडे गेला. त्यांनी मुंबईचे माजी ॲडव्होकेट जनरल बहादुरजी यांना सोबत घेतलं. तेही पारशी, म्हणजे जातीचा संशय तिथेच संपावा. चौकशीला मुद्दे दोन. एक, १९३७ च्या निवडीत पटेलांनी गैरवाजवी दबाव आणला का? दुसरा मुद्दा तीन वर्षं जुना होता. १९३४ च्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुकीत मुंबईतून काँग्रेसचे कन्हैयालाल मुन्शी उभे होते. ते पडले, सर कावसजी जहांगीर निवडून आले. त्या वेळी नरिमन यांनी आपल्याच पक्षाच्या उमेदवाराशी दगा केला का?

निकाल दोन्ही मुद्द्यांवर नरिमन यांच्या विरोधात गेला. पटेलांवरचा आरोप सिद्ध झाला नाही, १९३४ च्या वागणुकीबद्दल मात्र नरिमन दोषी ठरले. त्यांनी आधी निष्कर्ष मान्य केला, मग फिरवला. १९३७ च्या अखेरीस काँग्रेस कार्यकारिणीने ठराव केला की हा माणूस पक्षात विश्वासाचं आणि जबाबदारीचं पद सांभाळायला लायक नाही. एवढ्या मोठ्या नेत्याचं राजकारण तिथे मोडलं. मुन्शी तोपर्यंत खेरांच्या मंत्रिमंडळात गृहमंत्री झाले होते.

आता माझा प्रश्न. चौकशी खरी मानू. गांधीजींच्या हेतूवर शंका घेण्याची माझी लायकी नाही. १९३४ ला नरिमन यांनी खरंच पक्षाशी बेइमानी केली असेल, तर १९३७ पर्यंत ते मुंबई प्रांतिकचे अध्यक्ष कसे राहिले? त्यांना तिकीट कसं मिळालं? त्यांच्या नावावर मुंबईत मतं कशी मागितली? निवडणूक जिंकेपर्यंत चालला, आणि नेता निवडून झाल्यावर तक्रार केली तेव्हा तीन वर्षांपूर्वीची फाईल उघडली. आक्षेप खरा असला तरी तो ज्या वेळी काढला गेला, त्या वेळेनेच तो संशयास्पद केला. लोकांना वाटलं, बघा, तोंड उघडलं म्हणून शिक्षा. ही समजूत चुकीचीही असेल, पण ती पुसायला पक्षाकडे काही नव्हतं. कारण मार्चच्या बैठकीआधी कोणी उभं राहून सगळ्यांसमोर म्हटलं नव्हतं की या नावाला आमची हरकत आहे आणि तिचं कारण हे आहे.

आणखी एक अडचण आहे, मला ती प्रामाणिकपणे मांडायचीय. निवडलेला माणूस उत्तम निघाला. बाळासाहेब खेरांनी १९३७ ते ३९ आणि पुन्हा १९४६ ते ५२ हे पद सांभाळलं, आणि त्यांच्या हाताच्या स्वच्छतेबद्दल विरोधकसुद्धा बोट दाखवत नव्हते. त्यामुळे "बघा, श्रेष्ठींनी निवडलं म्हणून चांगला मिळाला" असं म्हणायची सोय झाली. खेरांच्या चांगुलपणाने त्या पद्धतीला जन्मभराचं सर्टिफिकेट मिळालं.

त्याच पद्धतीने पुढे काय काय दिलं ते पाहा. १९८० ला इंदिरा काँग्रेसला महाराष्ट्रात २८८ पैकी १८६ जागा मिळाल्या. नेता दिल्लीने ठरवला, बॅरिस्टर अंतुले. माणूस कामाचा, निर्णयाला झटपट. पण दीड वर्षात सिमेंटचं प्रकरण उभं राहिलं. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हा सिमेंट नियंत्रित होतं, घर बांधायला सरकारी परमिट लागायचं, आमच्या गावात लोक दहा पोत्यांसाठी तहसील कचेरीत खेटे घालायचे. आणि मुंबईत बिल्डर मंडळी मुख्यमंत्र्यांच्या ट्रस्टला देणग्या देत होती. ट्रस्टचं नाव इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. अरुण शौरींनी ऑगस्ट १९८१ मध्ये इंडियन एक्स्प्रेसमध्ये प्रकरण फोडलं. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांची सांगड मान्य केली आणि अंतुलेंना जावं लागलं. फौजदारी खटल्याची लढाई पुढे वर्षानुवर्षं चालली, सर्वोच्च न्यायालयात १९८४ आणि १९८८ ला निकाल झाले. अंतुले नंतर केंद्रात मंत्रीही झाले.

पण मला त्या आठवड्यातलं वेगळंच खटकतं. नैतिकतेच्या मुद्द्यावर मुख्यमंत्री गेला, मग पुढचा निवडताना तरी आमदारांनी काही विचारावं? नाव परत दिल्लीहूनच आलं : बाबासाहेब भोसले. हेही मूळचे आमच्या सातारा जिल्ह्यातले. स्वतः भोसलेंनाच आश्चर्य वाटलं असावं. दिल्लीला दुसराच कोणी भोसले हवा होता, असा विनोद आमचे जुने वार्ताहर अजून सांगतात. गृहस्थ हजरजबाबी, पण पक्षातच आधार नाही. वर्षभरात तेही गेले.

आज कायदा कुठे आहे? १३ फेब्रुवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गुन्हे प्रलंबित असलेल्या माणसाला तिकीट दिलं तर पक्षाने त्याचे गुन्हे जाहीर करावेत, शिवाय हाच माणूस का निवडला याचं कारणही द्यावं. "निवडून येण्याची क्षमता" एवढंच कारण चालणार नाही. चांगली गोष्ट. पण हे उमेदवारापुरतं आहे. तोच माणूस आमदार होऊन पक्षाचा विधिमंडळातला नेता झाला, तर तेव्हा कारण द्यायला कोणी बांधील नाही. म्हणजे साध्या आमदाराचं कारण कागदावर, आणि त्या सगळ्यांच्या नेत्याचं कारण बंद खोलीत. त्यात ११ मे २०२३ च्या सत्तासंघर्षाच्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की सभागृहातला नेता आणि प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही. पक्षांतराच्या धंद्याला आळा घालायला हे योग्यच असेल. पण मग नेत्याच्या चारित्र्याचा प्रश्न आमदाराने विचारायचा तरी कोणत्या बैठकीत?

गेल्या खेपेला आमच्याकडच्या एका गटनेतानिवडीनंतर एका नगरसेवकाला मी विचारलं, "दादा, यांच्यावर ठेक्याची तक्रार आहे ना? आत कोणी बोललं का?" तो म्हणाला, "तुम्ही काय आता नवीन आलाय का? आत फक्त सह्या असत्यात."

नरिमन १९४८ ला गेले. ज्या बॅकबेच्या जमिनीसाठी ते भांडले, तिथेच आज त्यांच्या नावाचा नरिमन पॉइंट आहे. आणि त्याच नरिमन पॉइंटला आपलं विधानभवन आहे. १९८१ ला त्याचं उद्घाटन झालं तेव्हा मुख्यमंत्री अंतुले होते आणि उद्घाटनाला इंदिराजी आल्या होत्या.