नदी जेव्हा वादी होते

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात टमाक्वा नावाचे एक लहान गाव आहे. वस्ती सात हजारांच्या आसपास. गाव दगडी कोळशावर वाढले. खाणी बंद पडल्या आणि मोठाले खड्डे उरले. त्या खड्ड्यांत मैलापाण्याचा गाळ आणून ओतण्याचे घाटू लागले, तेव्हा गाव खवळले. १९ सप्टेंबर २००६ रोजी नगरपालिकेच्या सभेत समसमान मते पडली आणि नगराध्यक्षांच्या निर्णायक मताने एक कायदा संमत झाला. कंपन्यांना गाळ टाकण्यास बंदी, एवढेच त्यात असते तर त्याची नोंद कोणी ठेवली नसती. पण त्यात म्हटले होते की, गावातील निसर्ग हा कायद्याच्या दृष्टीने 'व्यक्ती' आहे आणि त्याच्या वतीने रहिवाशाला दावा लावता येईल.

ही कल्पना १९७२ साली ख्रिस्तोफर स्टोन या कायद्याच्या प्राध्यापकाने मांडली होती. कोर्टात जायचे तर स्वतःचे नुकसान दाखवावे लागते. नदीचे नुकसान हे मात्र कोणाचेच नुकसान ठरत नाही. कंपनी व्यक्ती, जहाज व्यक्ती, मग नदी का नको? आपल्याला यात नवल वाटू नये. देवस्थानच्या जमिनीचा उतारा देवाच्या नावावर असतो, आणि देवाच्या वतीने वहिवाटदार कोर्टात उभा राहतो. मूर्तीचे हे कायदेशीर व्यक्तित्व प्रिव्ही कौन्सिलने १९२५ सालीच मान्य केले होते.

टमाक्वाला मदत करणाऱ्या वकिलांच्या संस्थेचा सल्ला पुढे इक्वेडोरनेही घेतला, आणि २००८ साली त्या देशाच्या राज्यघटनेत निसर्गाचे हक्क आले. गावाचा ठराव दोन वर्षांत घटनेपर्यंत पोचला!

अमेरिकेत मात्र वाट खडतर निघाली. ओहायो राज्यातील टोलेडो शहर ईरी सरोवराचे पाणी पिते. शेतांतून वाहून येणाऱ्या खतांमुळे सरोवरात विषारी शेवाळ माजले आणि ऑगस्ट २०१४ मध्ये सुमारे पाच लाख लोकांना तीन दिवस नळाचे पाणी तोंडाला लावता आले नाही. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी मतदारांनी सरोवराच्या हक्कांची सनद मंजूर केली. दुसऱ्याच दिवशी एक शेतकरी कुटुंब कोर्टात गेले. त्यांचा प्रश्न रास्त होता : किती खत घातले म्हणजे सरोवराचा हक्क मोडतो? फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायाधीशांनी सनद रद्द केली. भाषा संदिग्ध आहे आणि एवढे मोठे सरोवर एका शहराच्या अधिकारात येत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. ओहायो सरकारनेही शहराविरुद्धच बाजू मांडली होती.

आपल्याकडेही तेच झाले. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २० मार्च २०१७ रोजी, मूर्तीच्या व्यक्तित्वाचाच दाखला देत, गंगा-यमुनांना व्यक्ती ठरविले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले : पुरात माणसे दगावली तर भरपाई कोणी द्यायची? जुलैत स्थगिती मिळाली.

म्हणजे भांडण नदीला हक्क असावेत की नाही, एवढ्यापुरते नाही. तिच्या काठावर राहणाऱ्यांचा शब्द चालावा की राजधानीचा, हा खरा वाद आहे. नगरपालिकेचा ठराव आणि सरकारचा हुकूम यांतले अंतर सीमाभागातील वाचकाला वेगळे सांगायला नको. टमाक्वाच्या सभेत मात्र एका मताने काम भागले होते.